कार्डावरची बाई

‘ओळखपत्र दाखवा, आजी.’

काउंटरवरच्या बाईनं हे इतक्या सहज म्हटलं, की जणू ओली छत्री बाहेर ठेवा म्हणत असावी. काउंटरच्या अलीकडं उभ्या असलेल्या तिला आधी हसूच आलं. मग तिनं मागं वळून पाहिलं, आपल्यामागं दुसरी कुणी आजी उभी आहे की काय. कुणी नव्हतं. दुपारचे तीन वाजलेले, हॉटेल जवळजवळ रिकामं. खिडकीजवळच्या टेबलाशी टोपी घातलेला एक म्हातारा चहा घेऊन बसलेला, आणि काउंटरशी ही. मग तिच्या डोक्यात तिडीक गेली.

‘आजी म्हणतेस आणि वय विचारतेस?’

‘वय नाही विचारत. कार्ड विचारते. अठराचा असो नाहीतर ऐंशीचा, दारू मागितली की कार्ड बघायचं आणि माणूसही बघायचा. गेल्या महिन्यात तपासणी झाली, दोघींना घरी बसवलं.’

‘अगं बाई, माझे केस बघ.’

‘केसांचं काय सांगता, आजी. हल्ली पोरी पैसे देऊन पांढरे करून घेतात.’

तिनं पर्स उघडली. आयुष्यात पहिल्यांदा दारू मागितली होती, तीसुद्धा ब्रँडी. कारण तेवढं एकच नाव औषधासारखं वाटत होतं. नाव उच्चारायला तिला बसस्टॉपपासून इथपर्यंतचा रस्ता पुरला नव्हता. दारात दोनदा थांबली, दोनदा परत फिरली. आणि एवढं सगळं करून तोंडातून शब्द बाहेर पडला, तर समोरची म्हणते, कार्ड. जिला दारूचा वाससुद्धा खपत नाही, दारुडा दिसला की जी रस्ता ओलांडून पलीकडं जाते, ती बाई आज ब्रँडी का मागतेय, हे कुठल्याही कार्डावर लिहिलेलं नव्हतं. चार वाजता तिचा भाऊ येणार होता. एकतीस वर्षांनी. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना मध्ये विमान बदलायचं म्हणून पाच तासांसाठी, तिच्यासाठी नव्हे. ती ज्या फोटो स्टुडिओत काम करायची तिथला फोन नंबर एवढ्या वर्षांत बदलला नव्हता, त्यावर त्यानं फोन केला. ‘विमानतळाच्या समोर हॉटेल आहे. येशील?’ ती म्हणाली, ‘बघते.’ तो म्हणाला, ‘दाढी ठेवलीय मी. आता तू कशी दिसतेस?’ तिनं त्याचा नंबर घेऊन मोबाइलवर फोटो पाठवून दिला आणि फोन पालथा घालून ठेवला. त्याला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगितल्यावर तो कदाचित उठून निघून जाईल आणि पाचातले चार तास विमानतळावरच्या बाकावर काढेल. पण सांगायची होतीच. न सांगता समोर बसून चहा पिणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा फसवणं. आणि सांगायला घशाखाली काहीतरी जळजळीत जायला हवं, असं तिला का कोण जाणे, आठवडाभर वाटत होतं. बहुतेक तो स्वतः एके काळी जे काही बोलायचा ते पिऊनच बोलायचा, म्हणून.

काउंटरवालीनं कार्ड यंत्राला लावलं. यंत्र टुंग वाजलं, दिवा हिरवा झाला. यंत्राची काही तक्रार नव्हती. काउंटरवालीनं मग कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि त्याच्या कडेवरून तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. पुन्हा कार्ड, पुन्हा चेहरा. डोळ्यांपासून सुरुवात करून खाली हनुवटीपर्यंत आली, तिथून कानाकडं गेली, परत वर आली. घाई नाही, लाज नाही. हिशेबी, कोरडी, कामातली नजर. आणि तिचा राग, जो आतापर्यंत दुधासारखा वर चढत होता, तो अचानक कुणी फुंकर मारावी तसा खाली बसला. असं आपल्याकडं कुणी कधी पाहिलंय? तिला आठवेना. नवरा पाहायचा, पण त्याला ती दिसायची म्हणजे चष्मा कुठं ठेवलाय हे सांगणारी कुणीतरी दिसायची. तो जाऊन चार वर्षं झाली. त्याला विचारलं असतं की माझ्या डोळ्याखाली किती सुरकुत्या आहेत, तर म्हणाला असता, आहेत का? डॉक्टर पाहतो तो जिभेकडं. बसमधला माणूस पाहतो तो ही उठणार आहे का एवढंच. आणि ही अनोळखी बाई, दोन नोकऱ्या गेल्याच्या भीतीनं का होईना, तिच्या चेहऱ्याचा एकेक तुकडा उचलून खाली ठेवत होती. अडतीस वर्षं ती हेच करत आली होती, दुसऱ्यांच्या चेहऱ्यांना. भिंगाच्या या बाजूला इतकं गप्प वाटतं, हे तिला माहीत नव्हतं.

‘रागावू नका,’ काउंटरवाली म्हणाली, ‘पण हा फोटो तुमचा आहे?’

‘मग कुणाचा?’

‘मुलीचा असेल. होतं असं. घाईत घरातल्याचं कार्ड उचललं जातं.’

‘मला मुलगी नाही.’

‘मग बहिणीचा.’

ती कार्डासाठी हात पुढं करणार होती, तेवढ्यात तिला कळलं. त्या फोटोला तिनं हात लावला होता. ती स्टुडिओत रिटचिंग करायची. पूर्वी निगेटिव्हवर, टोकदार पेन्सिल आणि दाढीच्या ब्लेडचा तुकडा घेऊन. डोळ्याखालची काळी जागा पेन्सिलनं भरायची, गालावरचा डाग पात्यानं इतका हलका खरवडायचा की खालच्या काचेलाही कळू नये. आता कॉम्प्युटरवर, पण हात तोच. मालक म्हणायचे, गिऱ्हाईक इथं आरसा विकत घ्यायला येत नाही. लग्नाचे फोटो, नोकरीचे फोटो, मेलेल्यांचे फोटो, सगळे तिच्या हाताखालून जायचे आणि सगळे थोडे झोप झाल्यासारखे दिसायला लागायचे. स्वतःच्या कार्डाचा फोटो तिनं असाच काढला, मशीनवर उघडला, आणि हात चालू लागला. तिनं ठरवून काही केलं नाही, हे ती देवाशपथ सांगू शकली असती. भाजी निवडणारा हात गप्पा मारता मारता देठ मोडतो, तसं. कपाळावरच्या तीन रेघा गेल्या. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या. डावा डोळा उजव्याहून बारीक आहे, तो बरोबरीला आणला. जबड्याखाली लोंबणारं कातडं आत घेतलं. ऑफिसातल्या माणसानं मान वर न करता अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि जी बाई कधी जन्मालाच आली नाही तिला सरकारनं ओळखपत्र दिलं. भावाला पाठवला तोही तोच फोटो. म्हणजे चार वाजता तो दारातून आत येईल, त्या बाईला शोधेल, ती इथं नाही असं ठरवेल आणि निघून जाईल. आपल्याच हातानं आपण आपल्याला खोडून बसलोय, हे तिला कळलं, आणि त्याच क्षणी आपण यापूर्वी कुणाला खोडलं होतं तेही समोर येऊन उभं राहिलं. येणारच होतं. तेच तर सांगायला ती आली होती.

खिडकीजवळच्या म्हाताऱ्यानं खिशातून मोबाइल काढला, लांब धरून काहीतरी पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. तिची नजर सवयीनं त्याच्यावरून फिरली. नुकतीच दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याची लाल रेघ. ती भरावी लागेल. गालफडं बसलेली, डाव्या बाजूला उजेड कमी. तो वाढवावा लागेल. मानेचं कातडं सैल. कॉलर वर घ्यावी. एका सेकंदात तिनं त्याला नीट करून टाकलं आणि त्याच्यावरून नजर काढली. त्यानंही तिच्याकडं पाहिलं होतं आणि नजर काढली होती.

काउंटरवाली कार्ड घेऊन दिव्याखाली गेली. तेवढ्या वेळात तिला घरातला फोटो दिसत राहिला. चौघांचा. बाप खुर्चीत, शेजारी आई, आईच्या बाजूला ती, आणि बापाच्या मागं भाऊ, एक हात बापाच्या खांद्यावर. बाप गेला त्या दिवशी भाऊ पिऊन आला. घरात माणसं दाटीनं उभी, बापाला उचलायची वेळ झालेली, आणि हा दारात अडखळला आणि थेट बापाच्या अंगावर कोसळला. मेलेल्या माणसाच्या छातीतून त्या धक्क्यानं हवा बाहेर पडली. ‘हं’ असा आवाज झाला. आईला वाटलं, जिवंत आहेत. आई हसली. ते हसू तिनं पाहिलं. जगातला कुठलाही गुन्हा तिला त्या हसण्याएवढा मोठा वाटला नाही, आणि सगळ्यांदेखत ती भावाला म्हणाली, ‘चालता हो. पुन्हा या घराला तोंड दाखवू नकोस.’ लोक असं रोज बोलतात. घराघरात बोलतात आणि संध्याकाळी एका ताटात जेवतात. पण हा गाढव खरंच चालता झाला. तो जाऊन महिना झाला, पत्र नाही, निरोप नाही, आणि भिंतीवरून तो बापाच्या खांद्यावर हात ठेवून हसतोच आहे. तिनं तो फोटो स्टुडिओत नेला. मोठी प्रत काढली, ब्रश घेतला, आणि भावाच्या जागी मागचा पडदा रंगवला. बापाच्या खांद्यावरची बोटं सगळ्यात अवघड गेली. कोटाची वीण पुन्हा विणावी लागली. मग त्या प्रतीचा पुन्हा फोटो काढला, चौकटीत घातला, घरी नेऊन लावला. असं काम तिनं आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. मालकांना दाखवलं असतं तर त्यांनी पाठ थोपटली असती. आई समोर उभी राहिली. बराच वेळ पाहत राहिली. ओल्या फडक्यानं काच पुसली आणि म्हणाली, ‘पडदा छान आलाय.’ एवढंच. त्यावर पुढची सात वर्षं, मरेपर्यंत, एक अक्षर नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं कामाची तारीफ केली.

काउंटरवाली परत आली. ‘हे बघा, यंत्र होय म्हणतंय, मी नाही म्हणतेय. जन्मतारीख सांगा. कार्डाकडं न बघता. जुळली तर देते.’

‘आणि चेहरा?’

‘चेहऱ्याचं मी माझ्या मनाशी बघून घेईन.’

‘तुला ऐकायचीय ना? मग ऐक,’ ती म्हणाली. ब्रँडीची गरज आता उरली नव्हती, पण माघार तिला कधी जमली नव्हती. ‘चार मार्च!’ आणि तिनं सालही ठणकावून सांगितलं, हॉटेलातल्या कपबश्यांना ऐकू जाईल असं.

‘साफ खोटं.’

आवाज खिडकीकडून आला. म्हातारा टोपी काढून उभा राहिला होता, आणि टेबलाला धरून होता.

‘तुम्ही मध्ये पडू नका, काका,’ काउंटरवाली म्हणाली. ‘कार्डावर हेच आहे.’

‘कार्डावर असणारच. बापानं शाळेत तसंच लिहून दिलं होतं. ही साडेचार वर्षांची होती, शाळेत घेत नव्हते, म्हणून ही फाटकासमोर आडवी पडली आणि शिपायाला चावली. मग बापानं दीड वर्ष वाढवून दिलं. चार मार्च ही बापानं भिंतीवरच्या कॅलेंडरावर डोळे मिटून बोट ठेवून काढलेली तारीख आहे. बोट ठेवलं तेव्हा मी तिथं होतो.’ तो थांबला. ‘तुझी तारीख मला माहीत नाही, ठिणगे. वार माहितीय. गुरुवार. सप्टेंबर संपत आला होता.’

ठिणगी. हे नाव एकाच माणसाच्या तोंडात होतं आणि तो माणूस गेला तेव्हा नावही त्याच्याबरोबर गेलं होतं. तिनं त्या चेहऱ्याकडं पाहिलं, जो तिनं मघाशी सेकंदात दुरुस्त करून सोडून दिला होता. त्यात भाऊ नव्हता. मग होता. एकदम नाही, डार्करूममध्ये पाण्याखालच्या कागदावर आधी डोळे येतात आणि बाकीचं मागून, तसा.

‘दाढी?’ तिनं विचारलं. एकतीस वर्षांनी पहिला शब्द हा.

‘सकाळी काढली. म्हटलं, दाढीत तू ओळखणार नाहीस. आणि तू काय, कुणा भलतीचाच फोटो पाठवलास? विमान लवकर उतरलं, मी अर्धा तास त्या बाईची वाट बघतोय.’

‘म्हणजे हे तुमचे भाऊ?’ काउंटरवाली म्हणाली. ‘आणि कार्डावरची तारीख खोटी? आता मी काय करू? माझी नोकरी घालवता का दोघं मिळून?’

‘काही देऊ नकोस,’ भाऊ म्हणाला. ‘तिला चहा दे. मी सोडून वीस वर्षं झाली, ठिणगे. तू कधीपासून?’

‘आजपासून. तीही मिळाली नाही.’

तो हसला, पुढचा एक दात नव्हता. तिला तो भरावासा वाटला नाही, याचं तिला नवल वाटलं.

ती त्याच्या टेबलाशी जाऊन बसली. चहा आला. त्याच्या विमानाला अजून चार तास होते. तिच्या मनात मात्र तो गुरुवारच फिरत होता. साठ वर्षं आपण एका तारखेला वय मोजत आलो, आणि ती तारीख बापाच्या बोटाची होती. खरा दिवस या पृथ्वीवर एकाच डोक्यात शिल्लक आहे. आणि ते डोकं तिनं घराबाहेर हाकललं होतं, ते कुठल्या कुठल्या देशांत, कुठल्या कुठल्या फुटपाथांवर आपटत, पिऊन, न पिता, तो गुरुवार आत सांभाळत फिरत राहिलं होतं. ते कुठंतरी गटारात पडून मेलं असतं तर तिचा जन्मही त्याच्याबरोबर गेला असता आणि तिला पत्ताही लागला नसता. तिला भीती वाटली, देवळात नाही पण समुद्रासमोर वाटते तशी.

‘तू होतास तिथं?’ तिनं विचारलं.

‘दाराबाहेर. नऊ वर्षांचा. दाई बाहेर आली आणि मला म्हणाली, धर जरा, मला आत आईकडं बघायचंय. आणि दिली तुला माझ्या हातात.’

‘कशी होते?’

‘घाण. जांभळी, चिकट. एक डोळा मिटलेला, एक उघडा, आणि रडायचं नाव नाही. मला वाटलं मेलेली दिली. मी चिमटा काढला. मग तू अशी ओरडलीस की मी तुला टाकणारच होतो.’

उघडा डोळा उजवा होता का, हे तिनं विचारलं नाही. तिनं डाव्या पापणीला बोट लावलं. तिथं तो अजून अर्धा मिटलेला होताच.

आता सांगायला हवं होतं. या माणसानं तिला तिच्या आईच्याही आधी पाहिलं होतं, आणि तिनं त्याला काय केलं होतं? चहाचा कप तिनं बशीत ठेवला, तो वाजला.

‘दादा, घरातला फोटो आठवतो? चौघांचा.’

‘माझा हात बाबांच्या खांद्यावर आहे तो. आठवतो. तो एकच तर आठवतो.’

‘त्यातून मी तुला काढून टाकलं.’

त्याला कळलं नाही. ‘कापून?’

‘कापून असतं तर भोक तरी राहिलं असतं. रंगवून. तू नव्हतासच असं केलं. तू गेल्यावर महिन्यानं. कुणालाही कळणार नाही असं केलं.’

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर एक माणूस चाकाची बॅग ओढत चालला होता, बॅगेचं एक चाक फिरत नव्हतं. तो माणूस दिसेनासा होईपर्यंत भाऊ त्याच्याकडं बघत राहिला. तिनं पर्स मांडीवर घेतली. तो उठला तर आपण बसून राहायचं, मागं जायचं नाही, तेवढा तरी हक्क त्याला द्यायचा, असं तिनं ठरवलं.

‘माझ्या जागी काय आहे?’

‘पडदा.’

‘आईनं पाहिलं?’

‘हो.’

कपातला गार झालेला चहा त्यानं एका घोटात संपवला, पूर्वी दुसरं काही संपवायचा तसा. मग एखादा गवंडी दुसऱ्याच्या भिंतीबद्दल विचारतो तसं त्यानं विचारलं, ‘अवघड असतं का ते?’

‘बोटं अवघड होती. बाबांच्या कोटावरची.’

‘किती वेळ लागला?’

‘अकरा दिवस.’

‘अकरा दिवस म्हणजे? थोडं थोडं?’

‘रोज. सुट्टी झाल्यावर सगळे गेले की. भिंग लावून. आधी नीट पाहावं लागतं, काय कुठं आहे, कुठली सावली कशाची आहे. भुवईचा केस न केस बघावा लागतो. त्याशिवाय काढता येत नाही.’

भाऊ तिच्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जे होतं त्याला तिच्याकडं शब्द नव्हता; इतके चेहरे हाताखालून गेले, असा एकही आला नव्हता.

‘म्हणजे,’ तो हळू म्हणाला, ‘मी तिकडं बसस्टँडवर पडलेलो होतो, माझ्याकडं कुत्रंसुद्धा बघत नव्हतं, तेव्हा तू अकरा दिवस, भिंग लावून, माझ्याकडंच बघत बसली होतीस?’

नाही, असं ती म्हणणार होती. तुला पुसायला बसले होते, बघायला नाही. पण तिला तो दिसत होता, एकोणचाळीस वर्षांचा, भिंगाएवढा मोठा. उजव्या भुवईत जिथं केस उगवत नव्हते ती तिळाएवढी जागा, खालच्या ओठाच्या कडेला हसण्यानं पडलेली मुरड, डोळ्यातला स्टुडिओच्या दिव्याचा ठिपका. सगळं, जागच्या जागी. नवऱ्याचा चेहरा तिला आता चष्मा काढल्यासारखा आठवायचा. आईचाही. या एका चेहऱ्यातलं काही, काहीच हललं नव्हतं. आयुष्यात तिनं इतकं कुणालाही पाहिलं नव्हतं.

‘अकरा,’ भाऊ पुन्हा म्हणाला, स्वतःशीच, आणि टेबलावर पडलेले साखरेचे दाणे बोटानं एका जागी गोळा करत राहिला.